जंपवरून बग्गी आपटते? स्प्रिंग राहू द्या, आधी शॉक उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची (१/१०) टू-व्हील-ड्राइव्ह इलेक्ट्रिक बग्गी, मुरुमाचा ट्रॅक. मोठ्या जंपवरून उतरताना बूड आपटतं आणि आपटल्यावर गाडी पुन्हा उसळते. सरळ पट्ट्याच्या शेवटी, जिथे सगळे ब्रेक मारतात तिथे खळगे पडलेत, आणि त्यांच्यावरून जाताना मागची बाजू नाचते. पिटमधल्या मित्रांनी ‘स्प्रिंग कडक कर’ म्हटलं म्हणून तुम्ही मागच्या कॉलर (शॉकवर स्प्रिंगला वरून दाबून धरणाऱ्या रिंगा) तीन-चार मिलिमीटर खाली आणल्या आणि शॉकमधलं ऑइल ३० वरून ४० चं, म्हणजे जास्त जाड केलं. शॉकमधले पिस्टन किटमधलेच, दोन भोकांचे, १.६ मिलिमीटरचे. आपटणं थोडं कमी झालं, नाचणं मात्र वाढलं. आता विचारताय, मागे कुठली स्प्रिंग घालू, आणि खर्च कशावर करू?

सध्या कुठलीच नको. आहे ती स्प्रिंग राहू द्या, कॉलर होत्या तिथे परत न्या आणि चारही शॉक (स्प्रिंगच्या आतली ऑइल भरलेली नळी) उघडून नव्याने भरा. आपटणं आणि नाचणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हींचं मूळ स्प्रिंगमध्ये नाही. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. गाडी किती खाली बसेल ते ती ठरवते. ती किती झटकन बसेल आणि किती झटकन परत वर येईल हे शॉकमधलं ऑइल आणि पिस्टनची भोकं ठरवतात. नव्या मुलांना मी हे सगळ्यात आधी समजावतो, कारण इथे घोळ झाला की पुढचा प्रत्येक बदल अंधारात मारलेला दगड ठरतो.

आपटण्याचं गणित मांडून बघा. तुमची गाडी बॅटरीसकट साधारण १.६ किलोची असेल. ती एक मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडली तर टेकताना तिचा वेग सेकंदाला ४.४ मीटरच्या आसपास असतो आणि जिरवायची ऊर्जा भरते सुमारे १६ ज्यूल. आता चार स्प्रिंगा पूर्ण दबेपर्यंत त्यातलं किती घेतात? या वर्गाच्या गाडीला ज्या स्प्रिंगा असतात त्या धरून हिशोब केला तर जेमतेम एक ज्यूल. उरलेले पंधरा ज्यूल हे शॉक, टायरमधला फोम आणि शेवटी चासीचं बूड यांच्यात वाटले जातात. तुम्ही स्प्रिंग एक पायरी कडक केलीत, समजा दहा टक्के, तर त्या एका ज्यूलचा दहावा भाग वाढला. सोळात त्याने काय फरक पडणार?

शिवाय स्प्रिंगने घेतलेली ऊर्जा स्प्रिंग परत करते. एक ज्यूल म्हणजे १.६ किलोची गाडी सहा सेंटिमीटर वर उचलण्याइतकी ताकद. ती परत येताना शॉकने अडवली नाही तर गाडी उसळते. म्हणजे स्प्रिंग जितकी कडक आणि कॉलर जितकी खाली, तितकी उसळी जास्त. तुम्ही ज्याच्यावर इलाज करायला गेलात, त्यालाच खतपाणी घातलं गेलं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. सपाटीवर मीटरभरावरून पडलेली बग्गी थोडी टेकणारच, आणि ते चालतं. बूड हलकं टेकून गाडी लगेच धावायला लागली तर त्याकडे दुर्लक्ष करा. चांगले ड्रायव्हर जंपचा वेग असा मोजून घेतात की गाडी समोरच्या उतारावर उतरते, आणि उताराला समांतर उतरलेल्या गाडीवरचा आघात सपाटीच्या मानाने कितीतरी कमी असतो. तेव्हा आपटण्याचा अर्धा प्रश्न थ्रॉटलवरच सुटतो. उरलेल्या अर्ध्याचं बघू.

आता कॉलर. कॉलर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की अनुभवी लोकही बोलताना ‘कॉलर टाइट करून कडक केली’ म्हणतात. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो. एक मिलिमीटर दाबायला जितके ग्रॅम आधी लागत होते, तितकेच कॉलर खाली आणल्यावरही लागतात. बदलते ती फक्त राइड हाइट, म्हणजे चासीची जमिनीपासूनची उंची. शॉक आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावर, आतल्या टोकापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर बसलेला असतो, म्हणून कॉलर तीन-चार मिलिमीटर खाली आणली की चाकापाशी गाडी पाच-सहा मिलिमीटर वर उठते.

आणि ती उठते तेव्हा ड्रूप खाल्ला जातो. गाडी आपल्या वजनावर उभी असताना चाक तिथून आणखी किती खाली लोंबू शकतं, ते ड्रूप. खळगा आला की चाकाने त्यात उतरून जमीन पकडायला हवी. गाडी उभी असतानाच शॉक जवळजवळ पूर्ण उघडलेला असेल तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खळग्यावर ते हवेत राहतं आणि पुढच्या उंचवट्याला आदळतं. तुमची मागची बाजू कॉलर फिरवल्यानंतर जास्त नाचायला लागली ती यामुळे, आणि त्यात ४० च्या ऑइलने भर घातली. त्याबद्दल पुढे येतोच.

राइड हाइट बघण्याची पद्धत: बॅटरी, बॉडी, शर्यतीचे टायर सगळं लावून गाडी टेबलावर घ्या. मागून १५-२० सेंटिमीटर उचलून सोडा, हाताने दाबू नका, ती जिथे स्थिरावेल तिथे चासीखाली गेज घाला. असंच पुढून. खडबडीत मुरुमावर मी मागे-पुढे दोन्हीकडे २४ मिलिमीटरपासून सुरुवात करतो आणि गरज पडली तर मिलिमीटरभर इकडेतिकडे. डावी-उजवी कॉलर सारखीच असावी असं नाही. बॅटरी किंवा स्पीड कंट्रोलर एका बाजूला असेल तर थोडा फरक राहतो. उंची सारखी आली पाहिजे.

इथून खरं काम सुरू. तुमचं वर्णन वाचून मला पहिली शंका येते ती शॉकमधल्या हवेची. पिस्टनला ऑइल ढकलायला मिळण्याऐवजी बुडबुडा मिळाला तर दाबाचा सुरुवातीचा भाग फुकट जातो; शॉक काम करायला लागेपर्यंत बूड जमिनीला पोचलेलं असतं. तपासायला सोपं आहे. स्प्रिंग काढा, शॉक कानाजवळ धरा आणि शाफ्ट (पिस्टनची दांडी) पटापट आत-बाहेर करा. पचपच आवाज आला किंवा हाताला मध्येच पोकळी लागली, तर हवा आहे. मग चारही शॉक असेच करून बघा. डावा आणि उजवा एकाच हाताने, एकाच वेगाने दाबल्यावर सारखा रोध देत नसतील तर सेटअपच्या गप्पा तिथेच थांबवा. दोन बाजूंना दोन स्वभावाचे शॉक असतील तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागते, आणि माणूस आठवडेच्या आठवडे कॅम्बर लिंक (चाकाचा तिरपेपणा ठरवणारी दांडी) बदलत बसतो.

भरताना घाई करू नका. जुनं ऑइल ओता. ते राखाडी झालं असेल तर तो शॉकच्या आतल्या ॲल्युमिनियमचा झिजलेला चुरा आहे, आणि मुरुमाच्या ट्रॅकवर त्यात बारीक धूळही मिसळते. बॉडी, पिस्टन, कॅप पुसून कोरडी करा. खालच्या ओ-रिंगा बदलायच्या असतील तर त्यांना आधी ओ-रिंगचं ग्रीस लावा, आणि शाफ्ट आत सरकवताना आटे ओ-रिंगवर घासू देऊ नका. आट्यांवर ऑइलचा थेंब सोडला की पुरतं. आता पिस्टन तळाला नेऊन बॉडी उभी धरा आणि ऑइल काठोकाठ भरा. पिस्टन हळूहळू वर-खाली करा, पण ऑइलच्या पृष्ठभागाबाहेर काढू नका. पिस्टनच्या खाली दडलेले बुडबुडे भोकांतून एकेक करून वर येताना दिसतात. दहा-पंधरा मिनिटं शॉक स्टँडवर उभे ठेवा, चहा घ्या, परत येऊन पुन्हा हलवा. बुडबुडे यायचे थांबले की मगच कॅप.

कॅप लावताना शाफ्ट कुठे ठेवायचा यावर शॉकची उसळी ठरते. शाफ्ट आत जातो तेव्हा तो स्वतः जागा व्यापतो. ३ मिलिमीटरचा शाफ्ट २७ मिलिमीटर आत गेला की सुमारे ०.२ मिलिलिटर जागा लागते, आणि ऑइल तर दाबलं जात नाही. ही जागा कुठून तरी मिळावी म्हणून काही शॉकमध्ये कॅपखाली रबराचा पडदा असतो आणि काहींमध्ये थोडी हवा मुद्दाम ऑइलमध्ये मिसळू देतात. या दुसऱ्या प्रकारात कॅपवर एक छोटा स्क्रू असतो. स्क्रूवाल्या शॉकची कॅप बसवा, स्क्रू काढा, शाफ्ट अगदी सावकाश पूर्ण आत ढकला, वरून जास्तीचं ऑइल ओघळेल, आणि शाफ्ट आतच धरून स्क्रू बंद करा. असा भरलेला शॉक सोडल्यावर स्वतःहून जवळजवळ बाहेर येत नाही. मुरुमासाठी मला तो असाच आवडतो. शाफ्ट अर्धा बाहेर असताना स्क्रू बंद केला तर आत हवा जास्त राहते, ती दाबली जाते आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखी ढकलते. तुमच्या उसळीचं एक कारण हेही असू शकतं.

शेवटी शाफ्टच्या टोकाचा बॉल कप बॉलवर सैल फिरतो का बघा. शॉक लावलेला पण स्प्रिंग नसलेला आर्म वर उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने खाली आला पाहिजे. कुठे अडकत असेल तर आधी तो अडथळा काढा. हिंज पिनमध्ये, म्हणजे आर्म ज्या पिनेवर फिरतो तिथे, मुरुम गेलेला असतो, शंभरात नव्वद वेळा.

आता ऑइल आणि भोकं. याच भागात निर्णय चुकतात, म्हणून जरा वेळ देतो.

पिस्टनमधून ऑइल जाताना दोन प्रकारचा रोध होतो. एक ऑइलच्या चिकटपणाचा, जो वेगाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा भोकाच्या तोंडाशी होणारा, जो वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ज्याला चिकटपणाशी फारसं देणंघेणं नसतं. इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरून हळू ढकला, पाणी सहज जातं. झटका द्या, दट्ट्या अडल्यासारखा होतो. पाणी तेच, भोक तेच. कोपऱ्यात गाडी एका बाजूला झुकते, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते, थ्रॉटल दिल्यावर मागे बसते, तेव्हा शाफ्ट सावकाश हलतो आणि तिथे ऑइलचा आकडा राज्य करतो. जंपवरून उतरताना किंवा खळग्यांची रांग लागली की शाफ्ट सेकंदाला दोन-तीन मीटरच्या वेगाने आत जातो आणि तिथे भोकाचा आकार राज्य करतो. भोकं लहान असली की या वेगाला शॉक एकदम आवळला जातो. रेसवाले याला पॅक म्हणतात.

पॅक जंपला उपयोगी, खळग्यांना घातक. उतरताना शॉक आवळला तर बूड वाचतं. पण खळग्यांच्या रांगेत आवळला तर चाक वर जातच नाही, उलट पूर्ण गाडी वर उचलली जाते. परत येतानाही तसंच: जाड ऑइलमुळे चाक खाली यायला उशीर होतो, तेवढ्यात पुढचा उंचवटा येतो, आणि दोन-तीन उंचवट्यांत शॉक अर्धा दबूनच राहतो. तुम्ही १.६ ची भोकं ठेवून ऑइल ३० चं ४० केलंत, म्हणजे सावकाश हालचाल आवळली, वेगवान हालचालीतलाही चिकटपणाचा वाटा वाढला, आणि वर ड्रूप कमी केला. मागची बाजू नाचली नसती तरच नवल.

भोकाचा आकार किती फरक करतो ते आकड्यात बघा. रोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. १.६ चं भोक १.७ केलं तर रोध साधारण पाचवा हिस्सा कमी होतो. तो सावकाश हालचालीत परत मिळवायचा तर ऑइल सुमारे २७ टक्के जाड घालायचं. असोसिएटेड कंपनीच्या ऑइलमध्ये ३० म्हणजे ३५० सेंटीस्टोक (चिकटपणाचं माप), ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. ३५० च्या २७ टक्के वर म्हणजे ४४५. म्हणजे ३५ आणि ३७.५ च्या मधलं. तेव्हा १.६ ला ३० आणि १.७ ला ३५ किंवा ३७.५ या जोड्या कोपऱ्यात जवळपास सारख्या वाटतात, पण खळग्यांत १.७ ची गाडी लक्षणीय शांत असते. एकीकडचा गुण दुसरीकडे हात न लावता बदलायचा असेल तर पिस्टन आणि ऑइल असे जोडीने बदलावे लागतात. एकटं ऑइल बदलून हे जमत नाही.

बाटलीवरच्या आकड्यांबद्दल सावध राहा. ‘३० वेट’ हे सगळ्या कंपन्यांचं एकच माप नाही. एकाचं ३० दुसऱ्याच्या ३० पेक्षा पातळ किंवा जाड असू शकतं. क्योशो, तामिया यांच्या बाटल्यांवर ३००, ४०० असे आकडे असतात, तो सरळ सेंटीस्टोकच्या जवळचा आकडा आहे. कंपनी बदलताना सेंटीस्टोक जुळवा, वेट जुळवू नका. आणि शक्यतो एकाच कंपनीचं ऑइल वर्षानुवर्षं वापरा, म्हणजे आकड्याचा हाताशी संबंध जुळतो.

तापमानही विसरू नका. सिलिकॉन ऑइल खनिज तेलाच्या मानाने फार स्थिर असतं, तरी बदलतंच. २५ अंशाला ३५० सेंटीस्टोक असलेलं ऑइल ४० अंशाला सुमारे पाव हिस्सा पातळ होतं, म्हणजे असोसिएटेडच्या २५ सारखं वागतं. तेच १० अंशाला ४० च्या जवळ जातं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी सात वाजता सरावाला उतरलात आणि दुपारी दोनला मेन शर्यत असेल, तर तुम्ही एका शॉकवर सराव करता आणि दुसऱ्यावर शर्यत धावता. मे महिन्यात उन्हात ठेवलेली काळी चासी बघता बघता तापते. गाडी सावलीत ठेवा, आणि मोसम बदलला की ऑइल पाच वेटने सरकवा. सकाळी उत्तम चालणारी गाडी दुपारी आपटायला लागली तर पहिला संशय उन्हावर घ्या.

किटच्या माहितीपत्रकातला सेटअप कुठल्या जमिनीसाठी आहे तेही बघा. युरोपात बऱ्याच शर्यती आता कार्पेटवर आणि कृत्रिम गवतावर होतात, अमेरिकेत छताखालच्या दाबलेल्या मातीवर. तिथे ग्रिप इतकी असते की गाडी लोळायचीच भीती, म्हणून गाडी खाली, स्प्रिंगा कडक, अँटी-रोल बार (झुकणं कमी करणारी तार) लावलेला. असोसिएटेडने बी६ ही बग्गी आणली तेव्हा जास्त ग्रिपच्या जमिनीसाठी एक आणि मातीसाठी ‘डी’ अक्षराची दुसरी, अशा दोन स्वतंत्र गाड्याच विकायला ठेवल्या होत्या. वरवर सैल, खाली टणक अशा आपल्या मुरुमाला कार्पेटचा सेटअप लावला तर गाडी बर्फावर चालल्यासारखी वागते. इंटरनेटवर विश्वविजेत्याची सेटअप शीट मिळते, ती बघावीही, पण आधी वर ट्रॅकचा प्रकार वाचावा.

शॉक टॉवरवर (शॉकचं वरचं टोक जिथे बसतं ती पट्टी) आणि आर्मवर जास्तीची भोकं असतात, ती फुकटातली साधनं आहेत आणि लोक त्यांना हातच लावत नाहीत. शॉकचं वरचं टोक आत घेतलं, म्हणजे शॉक जास्त तिरपा केला, की सुरुवातीची हालचाल मऊ होते आणि दाबत जाल तसा तो अधिकाधिक कडक लागतो. टोक बाहेर घेतलं, शॉक उभा केला, की प्रतिसाद सरळ आणि चटपटीत. आर्मवरचं खालचं टोक बाहेर सरकवणं हा त्याहून मोठा बदल आहे, कारण चाकाला जाणवणारा कडकपणा अंतराच्या वर्गाने बदलतो. समजा आतल्या पिनपासून शॉक ४५ मिलिमीटरवर आहे आणि तुम्ही तो ४८ वर नेला. चाकाशी तीच स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक झाली, आणि ऑइलचा रोधही तितकाच वाढला. स्प्रिंगची एक पायरी विकत घेण्याआधी हे भोक वापरून बघा. फक्त प्रत्येक वेळी राइड हाइट आणि ड्रूप पुन्हा मोजा, कारण दोन्ही हलतात.

मग स्प्रिंग कधी बदलायची? गाडी कोपऱ्यात किती झुकते आणि पुढे-मागे वजन कसं वाटलं जातं, यात तक्रार असेल तेव्हा. टू-व्हील-ड्राइव्ह बग्गीत साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे असतं, मागच्या चाकांना ग्रिप हवी असते आणि पुढच्यांना दिशा. मागे एक पायरी मऊ स्प्रिंग घातली की सैल मुरुमावर थ्रॉटल देताना मागचं टोक कमी सुटतं. पुढे मऊ घातली की कोपऱ्यात शिरताना नाक चांगलं वळतं, पण दिशा बदलायला गाडी आळशी होते. पुढे कडक घातली की हाताला लगेच उत्तर मिळतं, पण लांब कोपऱ्यात गाडी बाहेर ढकलली जाते. हे सगळं ग्रिपवर अवलंबून आहे. पाऊस पडून वाळलेल्या, घट्ट बसलेल्या ट्रॅकवर यातलं थोडं उलटंही दिसेल.

स्प्रिंगांचे रंग हा आणखी एक घोळ. एका कंपनीची निळी मऊ, दुसरीची निळी कडक. जुन्या स्प्रिंगांचा रंग उडतो, आणि कुणाकडून घेतलेल्या पाकिटात काय आहे ते कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, स्प्रिंग त्यावर उभी करा, आत एक सरळ दांडी घाला म्हणजे ती वाकणार नाही, आणि व्हर्नियरने मोजून बरोबर दहा मिलिमीटर दाबा. काट्यावर ३६० आलं तर ती स्प्रिंग मिलिमीटरला ३६ ग्रॅमची, म्हणजे सुमारे २ पाउंड प्रति इंच. १ पाउंड प्रति इंच म्हणजे १७.९ ग्रॅम प्रति मिलिमीटर. डाव्या-उजव्या स्प्रिंगा अशा मोजून जोड्या लावा. एकाच पाकिटातल्या दोन स्प्रिंगांतही फरक सापडतो, आणि जुन्यांत तर बराच.

तुमच्या गाडीला मी या क्रमाने हात लावेन. आधी टायर बघेन. टायरवरच्या रबरी टाचण्या झिजून गोल झाल्या असतील तर बाकी सगळं थांबवून टायर. मग चारही शॉक वर सांगितल्याप्रमाणे भरेन, पिस्टन १.६ चेच, मागे ऑइल परत ३०. मागच्या कॉलर मूळ जागी, राइड हाइट २४. मग टेबलावर एक चाचणी: गाडी सपाट धरून ३० सेंटिमीटरवरून सोडा. पुढचा आणि मागचा भाग एकाच वेळी बसला पाहिजे, बूड टेबलाला हलकं टेकून गाडी आपल्या उंचीला एकदाच परत यायला हवी. नाक आधी बसलं तर पुढे ऑइल अडीच वेटने जाड. वर येऊन पुन्हा खाली गेली, म्हणजे दोनदा डोलली, तर मागे अडीच वेट जाड. ही चाचणी ट्रॅकची जागा घेत नाही, पण ढोबळ विसंगती घरीच सापडते.

मग ट्रॅकवर पाच मिनिटं सलग चालवा. एकाच झकास लॅपकडे बघू नका. सगळ्या लॅप एकमेकींच्या किती जवळ आहेत ते बघा. मित्राला ब्रेकच्या खळग्यांपाशी उभं करून फोनवर स्लो मोशनमध्ये मागची चाकं टिपायला सांगा. चाक खळग्यात उतरतंय का, की वरच्या वर तरंगतंय, हे डोळ्यांना दिसत नाही आणि व्हिडिओत लख्ख दिसतं.

नाचणं थांबलं असेल तर हात आवरा, तिथेच राहा. अजून नाचत असेल तर मागे १.७ चे पिस्टन घाला आणि ३५ किंवा ३७.५ चं ऑइल. तुमच्याकडे ४० आहेच, उन्हाळ्याच्या दुपारी तेही चालून जाईल. यामुळे मोठ्या जंपवर बूड आधीपेक्षा थोडं जास्त टेकेल, हे आधीच सांगतो. पण जंप एका लॅपला एकदा येते आणि खळगे दर कोपऱ्याच्या तोंडाशी असतात. शिवाय मुरुमाच्या ट्रॅकवर दिवस चढतो तसे खळगे खोल होत जातात. सकाळच्या गुळगुळीत ट्रॅकवर जुळवलेली गाडी दुपारच्या मेन शर्यतीत हातातून जाते. म्हणून जंप आणि खळगे यांत निवड करायची वेळ आली की मी खळग्यांची बाजू घेतो. टेकणं फारच झालं तर शॉकचं वरचं टोक एक भोक बाहेर, त्यानंतरही राहिलं तर राइड हाइट एक मिलिमीटर वर.

एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद: तारीख, वेळ, तापमान, ट्रॅक ओला की कोरडा, काय बदललं, काय जाणवलं. बदल आवडला तरी एकदा उलटा फिरवून खात्री करा. ट्रॅक स्वतःच दिवसभर बदलत असतो, आणि त्याचं श्रेय स्प्रिंगला जाऊन बसतं.

खर्चाचं विचारलंय म्हणून सांगतो. स्प्रिंगांचा पूर्ण संच घेऊ नका. आधी १.५, १.६, १.७ चे पिस्टन, दोन-तीन बाटल्या ऑइल आणि ओ-रिंगांचं पाकीट घ्या. स्प्रिंग हवीच असेल तर आहे त्याच्या एक पायरी मऊ आणि एक पायरी कडक, मागे-पुढे मिळून चार जोड्या, बस्स. तामियाचे प्लास्टिकचे सीव्हीए शॉक असलेली गाडी असती तरी मी हाच क्रम सांगितला असता. नीट भरलेला प्लास्टिकचा शॉक हवा भरलेल्या महागड्या ॲल्युमिनियमच्या शॉकपेक्षा चांगला चालतो. मुरुमावर धावणाऱ्या गाडीचं ऑइल दर दोन-तीन शर्यतींनंतर बदला, आणि बदलताना शाफ्टवरून नख फिरवा. ओरखडा नखाला लागला तर शाफ्टही बदला, कारण त्यावर नवी ओ-रिंग एक दिवसही टिकत नाही.